बाई आणि त्यांची मिसेस

बाईंच्या घरात मार्च संपेपर्यंत हीटर एका खुणेच्या पुढे फिरवायचा नाही, असा नियम होता आणि त्याला जबाबदार होती दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत होऊन गेलेली एक नटी. ही नटी धान्याच्या कोठारात नाटकं करायची. फळ्यांच्या फटींतून बर्फ आत यायचा, मेणबत्त्या विझायच्या आणि ती उघड्या दंडांनी प्रेमाचे संवाद म्हणायची. "आणि तुला स्वेटर घालून थंडी वाजते?" बाई मला विचारायच्या. मी हॉलंडमधल्या लायडनच्या सायन्स पार्कमध्ये पेशींवर संशोधन करायला आलेली पुण्याची मुलगी. नाटकाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. मी कोट घालून झोपायचे आणि त्या नटीला मनातल्या मनात शिव्या घालायचे.

ही गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. लायडनला तेव्हा खोली मिळणं म्हणजे लॉटरी लागणं होतं. तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत कुणीतरी म्हणालं, "बाईंकडे वरची खोली रिकामी आहे, पण..." त्या 'पण'च्या पुढचं वाक्य कुणी पुरं केलं नाही. ते मी स्वतः राहून पुरं केलं.

बाई तेव्हा साठी ओलांडून बऱ्याच पुढे गेल्या होत्या. मूळच्या दादरच्या. लग्नाआधी दोन वर्षं मुंबईत व्यावसायिक रंगभूमीवर होत्या. एका तीन अंकी संसारी नाटकातली सून पहिल्यांदा त्यांनी उभी केली. प्रयोग रंगायला लागले आणि त्यांच्या नवऱ्याला स्खिपहोल विमानतळावर मालवाहतुकीच्या कचेरीत नोकरी लागली. बाई विमानतळाजवळच्या बाडहूव्हडॉर्प गावात एका थंडगार घरात येऊन पडल्या आणि तिकडे मुंबईत ती सून दुसऱ्या एका मुलीने केली. ती मुलगी पुढे फार मोठी झाली. बाई तिचं नाव घेत नसत. "मी तिला भूमिका दिली नव्हती. तिनं घेतली," एवढंच म्हणत. नवरा गेल्यावर त्या लायडनला आल्या. मुलगा उट्रेख्टला होता. त्याला मराठी कळायचं, पण उत्तर तो डचमध्ये द्यायचा, तेही शक्यतो फोनवर.

त्या अमेरिकन नटीची गाठ पडली ती जुन्या वस्तूंच्या दुकानात. पुठ्ठा नसलेलं एक इंग्रजी पुस्तक बाईंनी उचललं आणि त्यात अमेरिकेतल्या सुरुवातीच्या नाटक कंपन्यांची हकिगत निघाली. त्यानंतर बाईंनी सायकलवरून विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या इतक्या खेपा केल्या की तिथली माणसं त्यांना प्राध्यापक समजत आणि बाई तो समज दूर करत नसत. त्या नटीला बाई नुसतं 'मिसेस' म्हणायच्या. त्या काळच्या जाहिरातींत बायकांची नावं 'मिसेस अमुक' अशी छापत. हिचा पहिला नवरा मेला, दुसरा केला, तेव्हा रातोरात नाव बदललं आणि लोकांना वाटलं ही कोण नवीन आली. "नवऱ्यांची आडनावं मी कशाला लक्षात ठेवू?" बाई म्हणायच्या. "दोघांनी तिला काय दिलं? एकानं दारूची सवय, दुसऱ्यानं पाठ."

मिसेसचं चरित्र मी असं तुकड्यातुकड्यांनी ऐकलं, कधी भांडी घासताना, कधी जिन्यात. नऊ वर्षांची असताना ती आईबरोबर इंग्लंडहून जहाजानं आली. आई नटी. जहाजावर करायला काही नाही म्हणून आईनं आपल्या सगळ्या भूमिका मुलीला पाठ करायला लावल्या. उतरल्यावर वर्षभरात आई तापानं गेली आणि कंपनीच्या मॅनेजरनं पोरीला ठेवून घेतलं, कारण आईचे संवाद आता फक्त तिलाच येत होते. काही गावांत नाटकाला बंदी होती, तिथे ही मंडळी 'नीतिपर व्याख्यान' अशी जाहिरात करून नाटक करत. पोशाख नटीनं स्वतःचे आणायचे, ट्रंकेतून. "आणि तुमच्या त्या ऑफिसात पेनसुद्धा फुकट मिळतं," बाई मला सुनवायच्या. माझ्या प्रयोगशाळेला त्या शेवटपर्यंत ऑफिसच म्हणाल्या.

बाई स्वतः मिसेसच्या शिस्तीनं जगत. मिसेस दर आठवड्याला नवी भूमिका पाठ करायची, म्हणून बाईही दर आठवड्याला काहीतरी पाठ करत. कधी खेमेन्टेचं, म्हणजे आपल्या नगरपालिकेचं, कचऱ्याचे डबे कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचे याचं पत्रक. ते डच पत्रक बाई स्वयंपाकघरात अशा काही आवाजात म्हणायच्या की हिरवा डबा हे कुणा राजपुत्राचं नाव असावं. फोन त्या स्पीकरवरच घ्यायच्या, कारण आपला आवाज घरभर ऐकू गेला पाहिजे. कुठल्याही खोलीत शिरताना उंबरठ्यावर थांबायच्या आणि आतल्या माणसानं मान वर केल्याशिवाय पाऊल टाकायच्या नाहीत. सुपरमार्केटच्या सरकत्या दारात त्या अशा थांबायच्या की मागे रांग लागायची. मी चहा मागायला आत गेले तर म्हणायच्या, "प्रवेश चुकला. बाहेर जा, परत ये." सुरुवातीला मला गंमत वाटली. नंतर मी चहा मागणं सोडून दिलं.

एक मात्र मी विसरलेले नाही. पहिल्याच हिवाळ्यात माझी मावशी गेली. जिनं मला वाढवलं ती मावशी. रजा नव्हती, तिकिटाची सोय नव्हती, मी जिन्यावर बसून रडत होते. बाई वरच्या पायरीवर थांबल्या, नेहमीप्रमाणे मी वर बघेपर्यंत. मग म्हणाल्या, "मिसेसचं मूल गेलं, त्याच आठवड्यात तिनं विनोदी भूमिका केली. लोक हसून लोळले. ऊठ, ही वही घे आणि मला संवाद दे." आणि मी उठले. संध्याकाळभर त्यांच्या त्या सुनेचे संवाद मी वाचत बसले, त्या म्हणत गेल्या आणि माझं रडं थांबलं. ते थांबवल्याबद्दल मी बाईंना अजून क्षमा केलेली नाही. माझ्या मावशीसाठी मला त्या दिवशी रडायचं होतं.

तेव्हापासून मी त्यांची प्रॉम्प्टर झाले. ती सून म्हणजे बाईंचा श्वास होता. मंडळ सुरू झालं त्या काळी, ओल्या लाकडाच्या वासाच्या चर्चच्या हॉलमध्ये, बाईंनी ते नाटक बसवलं आणि तेव्हापासून दर काही वर्षांनी गणेशोत्सवात ते व्हायचं. सासरे बदलले, दीर बदलले, नवरा तर प्रत्येक वेळी नवीन. सून तीच. पहिल्या अंकात ती हिरवा शालू नेसून माप ओलांडून घरात येते तेव्हा बावीस वर्षांची असते. बाई पासष्टीच्या पुढे.

याला आधार होता मिसेसचा. त्या काळच्या कंपन्यांत भूमिका ही नटीची मालमत्ता असायची. एकदा वाट्याला आली की तिची. मॅनेजरलाही काढून घेता येत नसे. नटी मेली किंवा तिनं आपण होऊन दुसरीला दिली, तरच भूमिका जायची. म्हणून पन्नाशीतल्या जाड्या बायका सोळा वर्षांच्या नायिका करत आणि प्रेक्षक ते मुकाट्यानं बघत. हा नियम बाईंनी त्या पुठ्ठा नसलेल्या पुस्तकात वाचला, त्या दिवशी त्या म्हणे दुकानाबाहेर सायकल धरून बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या. आपल्यावर अन्याय झाला होता हे त्यांना ठाऊक होतं, पण त्याला नियम होता हे तेव्हा कळलं.

पण मंडळ आता पूर्वीचं राहिलं नव्हतं. पुण्या-मुंबईहून आयटीतली मुलं आली होती. हुशार, हसतमुख, कुणालाही कधी न दुखावणारी. त्यांनी वर्षभरात मंडळाची वेबसाइट केली, वर्गणी ऑनलाइन केली आणि येत्या गणपतीत तेच नाटक नव्यानं करायचं ठरवलं. अॅम्स्टलव्हेनला अध्यक्षांच्या घरी बैठक झाली. मीही गेले होते, बटाटेवड्यांसाठी. सुनेच्या भूमिकेसाठी शलाकाचं नाव निघालं. शलाका एका बँकेच्या प्रोजेक्टवर होती, कॉलेजात एकांकिका केलेली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, गोड गळ्याची मुलगी.

"बाईंना विचारलंत का?" मी म्हटलं.

सगळ्यांनी एकदम वड्यांकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "बाईंचं आम्ही हँडल करतो. त्यांना हर्ट नाही करायचं. दे आर लाइक अवर फाउंडेशन."

रविवारी अध्यक्ष आणि आणखी दोघं पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या घरी आले. बाईंनी थालीपिठं केली. तिघं दोन तास बसले. घरांच्या किमती, मुलांच्या डच शाळा, सायकल चोरीला जाणं, सगळं बोलून झालं. नाटकाचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, "बाई, तुमचा आशीर्वाद तर पाहिजेच." आणि थालीपिठांची तारीफ करून गेले. दार लावून बाई वळल्या. "म्हणजे मीच करतेय," त्या म्हणाल्या.

मी त्यांना सरळ सांगितलं. बैठकीत काय झालं, कुणाचं नाव निघालं, सगळं. मला त्यांचा राग यायचा, तरी एवढं खोटं मला बघवेना.

बाई हसल्या. "भूमिका अशी काढून घेता येत नाही, अगं. मेल्यावर जाते नाही तर दिल्यावर जाते. मी मेलेय का? मी दिलीय का?" आणि त्यांनी अध्यक्षांना फोन लावला. स्पीकरवर.

"बाई, ॲक्च्युअली या वर्षी ऑडियन्स जरा यंग आहे," पलीकडून आवाज आला. "आणि रोल फिजिकली पण डिमांडिंग आहे, तर आम्ही विचार करत होतो की..."

"करा की. विचार केलेला चांगला. पण भूमिका माझी आहे. मी दिल्याशिवाय ती कुणाला मिळत नाही. असा नियम आहे."

"कुठला नियम, बाई?"

मग बाईंनी त्यांना मिसेस सांगितली. जहाज, आई, कोठार, मालमत्ता, सगळं. तो भला माणूस मध्येमध्ये हं हं करत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "अच्छा. म्हणजे तुम्ही स्वतः दिलीत तर इश्यू नाही."

"मी दिली तर कसला इश्यू?"

"ओके, ओके. म्हणजे प्रॉपर हँडओव्हर झाला पाहिजे. कळलं, बाई. थँक यू."

बाईंनी फोन ठेवला आणि विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. "बघ. समजावून सांगितलं की माणसं ऐकतात."

तालमींना त्यांना कुणी बोलावलं नाही. त्याचंही त्यांना वाईट वाटलं नाही. मिसेस नव्या गावात उतरायची आणि त्याच संध्याकाळी उभी राहायची, तालीम हवी असते ती नवशिक्यांना. मी पुन्हा सांगून पाहिलं की शलाकाच्या तालमी जोरात चालू आहेत. "करू दे. शिकेल," बाई म्हणाल्या. ट्रंक उघडून त्यांनी शालू उन्हात टाकला, गंगावन विंचरलं आणि रोज जेवणाआधी मला वही घेऊन बसवलं. त्यांची एकही ओळ चुकली नाही. चुकावी असं मला फार वाटायचं, म्हणजे गाडी तिथेच थांबली असती.

गणपतीच्या त्या शनिवारी बाई घरूनच रंगून निघाल्या. हिरवा शालू, खोपा, कपाळावर मळवट, गालांवर गुलाबी रंगाचा थर. मी ट्रंक ओढत मागे. अॅम्स्टलव्हेनच्या शाळेच्या हॉलच्या दारात बाई थांबल्या आणि सगळ्यांनी मान वर केली. समितीची सगळी मुलं धावत आली. इतकं आगतस्वागत मी त्या मंडळात कुणाचं पाहिलं नव्हतं.

"रंगपट कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"आधी एक छोटासा कार्यक्रम आहे, बाई. तुम्ही इथं पुढे बसा ना, पहिल्या रांगेत."

आरती झाली, मुलांचे नाच झाले. मग अध्यक्ष माइकपाशी आले आणि ज्येष्ठ रंगकर्मी म्हणून त्यांनी बाईंना व्यासपीठावर बोलावलं. भाषण सुंदर होतं. बाईंनी थंडीवाऱ्यात परदेशात मराठी नाटक कसं जिवंत ठेवलं, याची त्यांनी नीट माहिती काढली होती. बाईंच्या खांद्यांवर शाल आली. हातात नारळ आला, वर फुलांचा गुच्छ. "आणि आज," अध्यक्ष म्हणाले, "बाई मोठ्या मनानं आपली लाडकी भूमिका नव्या पिढीच्या हाती सोपवतायत."

पडद्यामागून शलाका आली. तीही हिरव्या शालूत. तिनं बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

बाईंच्या डाव्या हातात नारळ आणि गुच्छ होते. उजवा मोकळा होता. मी पहिल्या रांगेच्या टोकाला होते, मला स्पष्ट दिसलं. त्या हाताला काय करायचं ते बाईंनी ठरवलं नाही. पायाशी वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवायचा नाही, हे त्यांना येतच नव्हतं. आपल्याकडे कुणालाच येत नाही. हात उचलला गेला, शलाकाच्या केसांवर टेकला, आणि तोंडातून निघालंही, "यशस्वी हो." माइक जवळच होता. सगळ्या हॉलनं ऐकलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, कुणी उभे राहिले, मागच्या बायका डोळे पुसायला लागल्या. शलाका खरोखर रडत होती. बाईंनी भूमिका आपण होऊन दिलेली नाही हे मला ठाऊक नव्हतं, असं ती नंतर मला म्हणाली, आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. ठाऊक होतं ते अध्यक्षांना. बाईंचा नियम त्यांनी तंतोतंत पाळला होता.

मला वाटलं, आता बाई काहीतरी करतील. नारळ खाली टाकतील, माइक हिसकावतील. वर्षभर त्यांनी मला छळलं होतं, त्या एका मिनिटात मी त्यांच्या बाजूनं ओरडायला तयार होते. बाईंनी प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला, अगदी घोटलेला, आणि पायऱ्या उतरून खुर्चीत येऊन बसल्या.

नाटक पूर्ण पाहिलं त्यांनी. आणि शलाकाची सून चांगली झाली, हे सांगायलाच हवं, कारण त्या संध्याकाळी सगळ्यात वाईट गोष्ट तीच होती. ती वाईट झाली असती तर माझी चीड तरी धड झाली असती. माप ओलांडताना ती अडखळली, ते मुद्दाम, आणि त्या अडखळण्यात नव्या सुनेची सगळी भीती होती. बाईंची सून कधी अडखळत नसे. पहिल्या अंकात बाईंचे ओठ संवादांबरोबर हलत होते. दुसऱ्या अंकात ते थांबले. मध्यंतरात माणसं येऊन बाईंच्या पाया पडत होती. बाई प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होत्या.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. बाहेर अजून उजेड होता. बाईंचा रंग गालांवरून ओघळला होता, मांडीवर नारळ, शेजारच्या सीटवर गुच्छ. तिकीट तपासनीस आला. आमची तिकिटं पाहिली, मग शाल पाहिली, फुलं पाहिली. डच माणसाला फुलं दिसली की वाढदिवसच सुचतो. "खेफेलिसिटेअर्ट, मेव्हराउ!" तो हसून म्हणाला. माझंही त्यानं अभिनंदन केलं, इथल्या रीतीप्रमाणे, जवळचं माणूस म्हणून.

"डांक यू वेल," बाई म्हणाल्या. आवाज छान लागला होता.

तो पुढे गेल्यावर मी म्हटलं, "बाई, तुम्ही तिथंच नाही म्हणायला हवं होतं. तोंडावर."

"काय म्हणणार? सगळे उभे राहिले होते."

मग त्या मिसेसबद्दल बोलायला लागल्या. मिसेसचा शेवट त्यांनी मला कधी सांगितला नव्हता. म्हातारपणी एका गावात ती सोळा वर्षांची नायिका करायला उभी राहिली आणि लोकांनी तिला शिट्ट्या मारल्या. संत्र्यांच्या साली फेकल्या, एक अख्खं संत्रं कानाखाली बसलं. पडदा पाडावा लागला. मॅनेजर म्हणाला, आता तरी सोड. तिनं ट्रंक भरली, तसल्या थंडीत गाडीत बसून पुढच्या गावाला गेली आणि तिथे तीच भूमिका केली. मग त्याच्या पुढच्या गावात. मरेपर्यंत.

"मला कुणी संत्रं मारलं असतं ना," बाई म्हणाल्या, "तर मी उद्या परत उभी राहिले असते. हुसकावलेल्या माणसाला परत येता येतं, अगं. सत्कार झालेल्यानं कुठून परत यायचं?"

लायडन आलं, तेव्हा मी ट्रंक उतरवली आणि त्यांनी नारळ.

पुढच्या वर्षी गणेशोत्सवाच्या पत्रिकेवर प्रमुख पाहुण्या म्हणून बाईंचं नाव छापलं होतं. मी गेले नाही. बाई वेळेच्या आधी जाऊन पहिल्या रांगेत बसल्या.